नर्मिनचा शेवटचा भाग

सोफ्याच्या एका टोकाला सुनेत्रा बसली होती, दुसऱ्या टोकाला गुरुदत्त. मध्ये रिमोट पडला होता आणि दोघांपैकी कोणीही त्याला हात लावत नव्हते. समोर, जिथे परवापरवापर्यंत भाड्याने आणलेला आजाऱ्याचा पलंग होता, तिथे गालिच्यावर त्याच्या चाकांचे खोल ठसे उरले होते. बाहेर बर्फ वितळून पन्हळीतून ठिबकत होता. चहा निवत चालला होता. कोणीतरी बोलावे असे त्या खोलीतल्या प्रत्येक वस्तूला वाटत होते, आणि बोलण्यासारखे ज्याच्याकडे पुष्कळ होते त्या मला कोणी सुरूच करत नव्हते.

मी एक जुना प्लाझ्मा टीव्ही आहे, मित्रांनो. तुमच्या घरातले आजचे टीव्ही वहीच्या पुठ्ठ्यासारखे पातळ असतात आणि पालीसारखे भिंतीला चिकटून राहतात. मी तसा नाही. मी जाड आहे, जड आहे, आणि चालू झालो की तापतो. माझ्या अंगात काचेची दोन तावदाने आहेत आणि त्यांच्यामधल्या चिंचोळ्या काळोखात असंख्य सूक्ष्म कोनाडे. प्रत्येक कोनाड्यात चिमूटभर वायू कोंडलेला. वीज त्याला डिवचते, तो पेटतो, आणि त्या पेटण्याला तुम्ही चित्र म्हणता. माझ्यापुरते बोलायचे तर मी आयुष्यभर जळण्याखेरीज काहीच केले नाही.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात हातमोजे घातलेल्या हातांनी मला जुळवले. ते हात कोणाचे होते हे मला कधीच दिसले नाही, कारण तेव्हा मी आंधळा होतो. जहाजाच्या पोटातला प्रवासही अंधारातच झाला. प्रकाश पाहिला तो न्यू जर्सीतल्या एका अवाढव्य दुकानात, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी. स्वस्तात मिळतो म्हणून माणसे पहाटेपासून थंडीत रांग लावून उभी होती. त्या रांगेत कानाला मफलर गुंडाळलेले दोन मित्र होते. एक चंद्रशेखर, वीज कंपनीतला इंजिनियर. दुसरा गुरुदत्त, मुलांचा डॉक्टर. मला विकत घेतले चंद्रशेखरने. गुरुदत्त केवळ उचलू लागायला आला होता. गोठलेल्या पार्किंग लॉटमधून एकमेकांना मराठीत शिव्या घालत, 'शेखर, सांभाळ', 'गुरू, डावीकडे' असे ओरडत त्यांनी मला गाडीपर्यंत नेले.

ही माणसे आज आजी-आजोबांच्या वयाची आहेत, तरी मी त्यांना एकेरी नावाने संबोधतो. त्यांचे केस काळे असताना मी त्यांना पाहिले आहे, आणि ज्याला आपण तसे पाहिले त्याला अहोजाहो करणे मला जमत नाही.

पार्सिपनीतल्या चंद्रशेखरच्या घरी सुनेत्राने, त्याच्या बायकोने, माझ्या कोपऱ्याला कुंकवाचे बोट लावले आणि समोर नारळ फोडला. त्यानंतरची वर्षे कौतुकाची होती. शनिवारी घर माणसांनी भरून जाई. जेवणाच्या कागदी थाळ्या मांडीवर घेऊन माणसे माझ्यासमोर दाटीवाटीने बसत; क्रिकेट बघत, मंडळाच्या नाटकाची चित्रफीत बघत, आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या स्वतःला शोधून हसत. 'काय रंग आहेत याचे,' असे म्हणत नवखे लोक माझ्या काचेला बोट लावून बघत. मुले मोठी झाली आणि दूरच्या शहरांत गेली. मग एक पातळ टीव्ही आला आणि माझी रवानगी तळघरात झाली. गणपतीचे मखर, न वापरलेले व्यायामाचे यंत्र आणि मी. मखराला वर्षातून एकदा तरी वर नेत. मला कोणी नेले नाही. धूळ ही फार सभ्य असते, मित्रांनो. ती आवाज न करता येते आणि कधी जागा मागत नाही.

एके दिवशी जिन्यावर ओळखीची पावले वाजली. तेच दोघे मित्र, आता केस पिकलेले, मला पुन्हा उचलायला आले होते. गुरुदत्तची बायको प्रीता अंथरुणाला खिळली होती. तिला जिना चढवेना म्हणून तिचा पलंग खालच्या खोलीत मांडला होता, आणि त्या खोलीत टीव्ही नव्हता. इथल्या मराठी घरांत वस्तू अशाच फिरत राहतात: पाळणा, मोठा कुकर, बर्फातले बूट, टीव्ही. एका घरची गरज संपते तिथे दुसऱ्या घरची सुरू होते.

प्रीता बोलकी होती. औषधांमुळे तिला सतत थंडी वाजे. मी चालू झालो की माझ्या काचेतून जी ऊब येते, तिची आजवर सगळ्यांनी तक्रारच केली होती. विजेचे बिल वाढते, उन्हाळ्यात खोली तापते. प्रीताने मात्र पलंग माझ्या जवळ सरकवून घेतला आणि दोन्ही तळवे माझ्याकडे धरले.

"हा टीव्ही नाही गं, शेगडी आहे," ती सुनेत्राला म्हणाली. "लाव काहीतरी. काय का असेना."

माझ्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी शाबासकी होती, आणि ती चित्रासाठी नव्हती.

'काय का असेना' म्हणून जे लागले ती एक तुर्की मालिका होती, हिंदीत डब केलेली. प्रीताचा मुलगा परीक्षित दूर जॉर्जिया राज्यात, अल्फारेटाला राहतो. त्याने एका भेटीत माझ्या पाठीत इंटरनेटवरच्या मालिका आणणारी एक बोटभर स्टिक खोचून ठेवली होती, तिच्यातून ती आली. मालिकेचे नाव तुर्की असे आणि कोणालाच नीट वाचता येत नसे, म्हणून घरात तिला नायिकेच्या नावाने 'नर्मिन' म्हणू लागले. नर्मिन ही समुद्रकाठच्या एका लहानशा गावातल्या हेडमास्तरची बायको. तारिक हा फेरीबोटीच्या इंजिनावरचा माणूस. त्यांचे प्रेम गावात कोणालाही ठाऊक नव्हते. पलीकडच्या बाजारात जाण्याच्या निमित्ताने ती बोटीत चढे आणि पलीकडे न उतरताच परत येई. एवढेच. स्पर्श क्वचित, पाहणे अपार. ही तुर्की माणसे एकमेकांकडे बघू लागली की तेवढ्यात कुकरला तीन शिट्ट्या होतात, असे प्रीता म्हणे.

सुनेत्रा रोज दुपारी येई. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर तिने गाडी चालवणे सोडले होते, म्हणून चंद्रशेखर तिला सोडून जाई आणि संध्याकाळी न्यायला येई. दोघी मैत्रिणी एका पांघरुणात पाय घालून नर्मिनची काळजी करत. प्रीताला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. "उतरते का गं ती कधी पलीकडे?" ती पुन्हा पुन्हा विचारी. एकदा तिचे हाल बघवेनात तेव्हा सुनेत्राने फोन काढला; शेवट कुठेतरी लिहिलेला असेलच, वाचून दाखवते म्हणाली. प्रीताने फोन तिच्या हातातून काढून उशीखाली ठेवला. "वाचून नाही. बघूनच कळायला हवं. नाहीतर आपण एवढं रडलो कशाला?"

बघून कळण्याइतके दिवस तिला मिळाले नाहीत.

पुढचे मी पाहिले नाही, ऐकले आहे. पण इतक्या तोंडांतून ऐकले आहे की ते माझ्या काचेवर चालून गेल्यासारखे वाटते. दहाव्याचे पिंड ठेवले होते एका देवळामागच्या पार्किंग लॉटच्या कडेला, बर्फ खरवडून मोकळ्या केलेल्या जागेवर. कावळे होते. इथले कावळे मोठे आणि सावकाश असतात. ते दिव्याच्या खांबावर बसून राहिले आणि एकही खाली येईना. प्रीताचा जीव कशात तरी अडकला आहे, असे सगळ्यांच्या मनात आले. मग रीतीप्रमाणे एकेकाने पुढे होऊन हात जोडले. परीक्षित म्हणाला, बाबांना मी सांभाळीन. कावळा आला नाही. गुरुदत्त म्हणाला, औषधे वेळेवर घेईन. कावळ्याने मान वळवली. चंद्रशेखर म्हणाला, तुझ्या बागेतल्या कढीपत्त्याची कुंडी हिवाळ्यात मी घरात आणून ठेवीन. गुरुजी घड्याळाकडे पाहू लागले, दर्भाचा कावळा करून भागवू असे हळूच सुचवू लागले. तेव्हा सुनेत्रा पुढे झाली. "प्रीता, नर्मिन मी पूर्ण बघीन. वर्षाच्या आत बघीन. काय होतं ते तुझ्या फोटोसमोर बसून तुला सांगीन."

आणि कावळा खाली उतरला.

माणसे रडता रडता हसली, असे म्हणतात. पण जो शब्द देऊन कावळा शिवला, तो शब्द आता सुनेत्राचा एकटीचा राहिला नव्हता. सबंध पार्सिपनीने तो ऐकला होता. मालिका तिथेच, त्याच टीव्हीवर बघायला हवी, असेही कोणीतरी म्हणाले, आणि सर्वांना ते पटले. वार चंद्रशेखरनेच ठरवला. बुधवारी तो तळ्याकाठी फिरायला जातो. वाटेत तिला गुरूकडे सोडणे सोयीचे होते.

अशा रीतीने तो पहिला बुधवार आला, जिथून मी बोलायला सुरुवात केली. रिमोट दोघांच्या मध्ये. चहा निवत चाललेला. शेवटी गुरुदत्त म्हणाला, "वहिनी, तुम्हीच लावा. मला तर कोण कोणाचं कोण, काहीच माहीत नाही."

"मी सांगते भाऊजी," सुनेत्रा म्हणाली, आणि प्रीताच्या आजारपणात आपण दोघी काय बघत होतो ते पहिल्या भागापासून सांगू लागली. त्या दिवशी मालिका लागलीच नाही. गुरुदत्त ऐकत राहिला. आपल्या बायकोला कशाने हसू यायचे हे तो तिच्या मैत्रिणीकडून शिकत होता.

चाळीस वर्षे ती दोघे एकमेकांना वहिनी आणि भाऊजी म्हणत आली होती. या शब्दांची मला मोठी मौज वाटे. माणसे त्यांना नाती म्हणतात. मला ती कुंपणे वाटत, नीट रंगवलेली, दोन्ही बाजूंनी फुलझाडे लावलेली. कुंपणाच्या अलीकडून हवे तितके बोलता येते. म्हणून ती दोघे बोलत. आरंभी एका बैठकीत मालिका बरीच पुढे सरके. उन्हाळा लागला तसा वेग मंदावला. एखादा भाग झाला की गुरुदत्त म्हणे, तारिक असे का वागला ते नीट कळले नाही, पुन्हा लावा. पुन्हा लावीत. मग लावून मध्येच थांबवीत आणि बोलत बसत. तो सांगे की रुग्ण मुलांच्या आयांची नावे त्याला अजून आठवतात, पण घरी जेवताना कोणाशी काय बोलला ते आठवत नाही. ती सांगे की लग्नाआधी ती गात असे. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात आवाज बसला आणि नंतर कोणी विचारले नाही म्हणून तिनेही शोधला नाही. एका दुपारी तिने अर्धी ओळ गुणगुणली. गुरुदत्तने त्या वेळी माझा आवाज बंद केला होता. आजवर कोणी दुसऱ्याला ऐकण्यासाठी मला गप्प केले नव्हते.

कोणाला संशय यावा असे त्यात काही नव्हते, आणि हेच मला भिववत असे. नर्मिनला बोटीचा आडोसा होता, बाजाराची सबब होती. सुनेत्राला सबबीची गरजच नव्हती. तिला तिचा नवरा दारापर्यंत आणून सोडत होता. श्रावणातल्या हळदीकुंकवाला बायकांनी तिला घेरल्याचे तिने गुरुदत्तला सांगितले. "नर्मिन अजून बोटीतच का गं? आमच्या दोन-दोन मालिका संपल्या यार, तुझी एक संपेना," असे एकीने म्हटले. दुसरी म्हणाली, "शेखरभाऊजी बरे सोडायला येतात. आमच्या ह्यांना तर मला ग्रोसरीला नेणंसुद्धा जिवावर येतं." सगळ्या हसल्या. सुनेत्राही हसली. सांगताना मात्र तिने हातातल्या लाडवाचा चुरा केला आणि तो बशीत तसाच ठेवला.

पानगळ संपता संपता शेवटचा भाग आला.

तो सुरू होतो खिडकीपासून. नर्मिन खिडकीशी उभी आहे, अर्धा चेहरा उजेडात, अर्धा पडद्याआड, आणि दूर बोटीचा भोंगा वाजतो. भोंगा वाजला आणि गुरुदत्तने मला थांबवले. हा भाग संपला की काय काय संपेल, ते दोघांनाही ठाऊक होते. परीक्षितने अल्फारेटाच्या घरात वडिलांची खोली तयार ठेवली होती, आणि गुरुदत्तने त्याला सांगितले होते की आईला दिलेला शब्द पुरा झाल्याशिवाय मी हे घर सोडणार नाही. मालिका संपली की शब्द संपला, घर संपले, बुधवार संपले.

सुनेत्रा म्हणाली, "प्रीता तिकडे ताटकळत बसली असेल, भाऊजी."

"तिला सवय आहे," गुरुदत्त म्हणाला. "मी जन्मभर उशिरा घरी आलो." आणि मग, खिडकीतल्या थांबलेल्या चेहऱ्याकडे बघत, "आज नको. पुढच्या बुधवारी बघू, सुनेत्रा."

वहिनी हा शब्द आला नाही. तिने मान वर केली. त्या खोलीत इतकी माणसे बोलून गेली, इतके लोक माझ्या काचेत रडले, पण एक शब्द न उच्चारल्याचा एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"वहिनीच म्हणा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

तो पुढे वहिनीच म्हणत राहिला. भाऊजी हा शब्द मात्र तिच्या बोलण्यातून कधी गळून गेला ते तिलाही कळले नसावे. आणि पुढच्या बुधवारीही ती दोघे शेवटचा भाग लावून, खिडकीशी येऊन थांबली. त्याच्या पुढच्या बुधवारीही. मी दुपारभर तोच चेहरा धरून उभा असे. इतर टीव्ही थोडा वेळ थांबवून ठेवले की आपोआप दुसरी चित्रे दाखवू लागतात. प्रीताला डुलकी लागली असता पडद्यावर भलतेच काही सरकू नये म्हणून परीक्षितने ती सोय बंद करून ठेवली होती. आणि मला, मित्रांनो, थांबलेले चित्र सोसत नाही. वाहते चित्र माझ्यातून नदीसारखे जाते. थांबलेल्या चित्रात तेच कोनाडे तेवढेच जळत राहतात आणि झिजतात. मग चित्र बदलले तरी मागचे पुसट होऊन आत उरते. जाळी धरलेल्या डोळ्यासारखी एक खिडकी माझ्यात उतरत होती. ती दोघे एकमेकांकडे बघत होती. माझ्याकडे बघायला त्यांना सवड नव्हती.

डिसेंबरात परीक्षित आला. वर्षश्राद्धाची तयारी करायची होती. सोयीसाठी ते शनिवारी ठेवले होते, आणि त्या दिवशी सुनेत्राने फोटोसमोर बसून शेवट सांगायचा हे सर्वांनी धरूनच ठेवले होते. परीक्षित वाईट मुलगा नाही. तो वडिलांच्या शेजारी बसला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, इट्स अ टीव्ही शो. एक एपिसोड राहिलाय. तासाभराचं काम आहे. घर विकणाऱ्या रिॲल्टरला मी काय सांगू?"

"तुझ्या आईला घाई नव्हती," गुरुदत्त म्हणाला.

"आईला वेळ नव्हता, बाबा. दॅट्स डिफरंट."

परीक्षितने उठून गराजमधली खोकी मोजली, आणि श्राद्धाला परत येतो म्हणून तो गेला.

आज मीही त्याच गराजमध्ये आहे, मित्रांनो, भिंतीकडे तोंड करून. घर विकले गेले आहे. गुरुदत्त अल्फारेटाला गेला. माझ्या पाठीतली स्टिक काढून नेली आहे आणि त्या जागी एक लहानसे भोक उरले आहे, त्यातून थंडी आत येते. या राज्यात मला कचऱ्यात टाकायला कायद्याने मनाई आहे. कोणीतरी गाडीत घालून मला मोडीच्या केंद्रावर नेऊन द्यायला हवे, आणि मला उचलायला दोन माणसे लागतात. पूर्वी ती दोन माणसे होती.

जुन्या वस्तू जपा, असा उपदेश मी तुम्हाला करणार नाही. आम्ही मोडायचेच. माझी विनवणी वेगळी आहे. तुमच्या घरात कोणी एकाच जागी बसून फार वेळ गप्प असेल, तर त्याला विचारा. उत्तर येवो न येवो, विचारा. कोणी पूर्वी गात असेल तर गाणे कुठे गेले ते विचारा. मी फक्त जळू शकत होतो, म्हणून जळलो. तुम्हाला वाचा आहे. आणि जे संपायचे आहे ते थांबवून धरू नका. थांबवलेले थांबत नाही. ते आत उतरते आणि मग आयुष्यभर प्रत्येक चित्राच्या मागे दिसत राहते.

शेवटचा बुधवार तेवढा सांगायचा राहिला.

वर्षश्राद्ध तीन दिवसांवर होते. आदल्या दिवशी गोठलेला पाऊस पडून रस्ते काचेसारखे झाले होते आणि तळ्याकाठी चालण्याजोगे राहिले नव्हते. म्हणून चंद्रशेखर सुनेत्राला दारात सोडून गेला नाही. तो आत आला, बूट काढले, टोपी गुडघ्यावर ठेवून बाजूच्या खुर्चीत बसला.

"आज मीही बघतो तुमची नर्मिन," तो म्हणाला. "गेले वर्षभर नुसतं नावच ऐकतोय."

गुरुदत्तने रिमोट उचलला. मी पेटलो. स्टिकला जागे व्हायला नेहमी जरा वेळ लागतो. तोवर माझा पडदा नुसता राखाडी असतो. त्या राखाडीवर ती खिडकी होती. अर्धा चेहरा, पडद्याची चुणी, चौकटीची उभी रेघ. पाण्याखाली पडलेल्या फोटोसारखी.

चंद्रशेखर उठला आणि माझ्याजवळ आला. तो इंजिनियर होता आणि माझा पहिला मालक. मुले माझ्यावरचा व्हिडिओ गेम मध्येच थांबवून जेवायला जात तेव्हा त्यांना ओरडणारा तोच होता. इतका डाग एका दुपारीत पडत नाही, हे त्या खोलीत त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. त्याने चौकटीच्या रेघेवरून बोट फिरवले.

"हे चित्र बरेच दिवस थांबवून ठेवलंत," तो म्हणाला.

"शेखर..." गुरुदत्त म्हणाला. सुनेत्रा स्वतःच्या हातांकडे बघत होती.

"आता हा जाणार नाही. याचं असंच असतं." चंद्रशेखरने बोट कोटाला पुसले. मग तो परत खुर्चीत जाऊन बसला. "लाव, गुरू. शेवटचाच आहे ना? लाव."

आणि तो भाग मी दाखवला. खिडकी हलली. नर्मिन शाल घेऊन घराबाहेर पडली, बोटीत चढली. बोट पलीकडे लागली. तारिकने इंजिन बंद केले, वर आला, फळीवर उभा राहून हात पुढे केला. नेहमीसारखेच फार वेळ ती दोघे एकमेकांकडे बघत राहिली. ती उतरली नाही. बोट रिकाम्या समुद्रातून परत फिरली. अलीकडच्या धक्क्यावर हेडमास्तर उभा होता, वाऱ्यात कॉलर वर करून. तो कधीपासून उभा होता हे मालिकेने सांगितले नाही. तिच्या हातातली रिकामी पिशवी त्याने घेतली. बाजारात वांगी मिळाली का, असे विचारले. नाही, ती म्हणाली. ठीक आहे, तो म्हणाला. दोघे चढावाने घराकडे निघाले आणि त्यांच्या पाठींवर तुर्की नावे सरकू लागली.

कोणी मला बंद केले नाही.

"शनिवारी प्रीताला सांगते," सुनेत्रा म्हणाली. "नाही उतरली म्हणून."

"परीक्षितला मी फोन करतो," गुरुदत्त म्हणाला, कोणाकडेही न बघता. "त्याला म्हणावं, येशील तो मला न्यायलाच ये."

चंद्रशेखरने टोपी घातली. कोटाची बटणे तो एकेक करून, उगाच सावकाश लावू लागला. मग म्हणाला, "गुरू, अशी दुसरी एखादी असेल की रे. तुर्की. लांबलचक."

"शोधली तर सापडेल," गुरुदत्त म्हणाला.

चंद्रशेखर बायकोकडे वळला. इतक्या वर्षांत मी त्याला फार गोष्टी बघताना पाहिले होते. तिच्याकडे असे बघताना पाहिले नव्हते.

"सुनेत्रा, पुढच्या बुधवारी आणू का तुला?"

सुनेत्राने बूट चढवले, शाल मानेभोवती घेतली, दार उघडले आणि कोणाचाही हात न धरता ती बर्फावरून एकटीच गाडीकडे चालत गेली.